क्राकोवच्या आजींची उलटतपासणी

आता माझी अब्रू कशी गेली ते ऐका, राव. माणसाची अब्रू गल्लीत जाते, फार तर गावात जाते. माझी गेली थेट पोलंडला! आणि मी आपला इथं कॅनडात, ब्रॅम्पटनच्या किचनमध्ये बसलेलो.

मी कोल्हापूरचा. हे तुम्हाला माहीत आहेच, कारण मी कुणालाही नावाआधी गाव सांगतो. आमची मीना पुण्याची. आम्ही रिटायर झालो, तरी सुट्टी म्हटली की आपलं इंडिया. कुणाचं लग्न, कुणाची मुंज, नाहीतर तलाठ्याचं ऑफिस. या वर्षी मीनानं सांगून टाकलं, "लग्नाला चाळीस वर्षं झाली. मला एक आठवडा क्राकोवला जायचंय. फक्त आपण दोघं."

क्राकोवच का? तर ती ब्रेड आणते त्या पोलिश बेकरीच्या भिंतीवर तिथल्या जुन्या चौकाचा फोटो आहे. किती वर्षं ती लाइनीत उभी राहून तो फोटो बघत होती, आणि मला पत्ताच नाही! मी लगेच हो म्हटलं. तिनं चालायचे नवे बूटसुद्धा आणले.

आता माझा एक स्वभाव. मला सगळीकडे फ्रॉड दिसतो. घरातले एसीचे डक्ट साफ करून देतो म्हणत गंडवणाऱ्यांचे फोन आले की त्यांचीच उलटतपासणी घेतो मी! इथल्या मराठी मंडळात सीनियर लोकांना 'फसवणुकीपासून सावध राहा' हे भाषण कोण देतं? मीच.

मीनानं चौकाजवळ एक फ्लॅट शोधून आठवड्यासाठी बुक केला. मालकीणबाईंचं नाव ईवा. मी त्यांना साधा मेसेज टाकला, "आम्ही कोल्हापूरचे. तिखट खातो. तुमच्या किचनमध्ये तांबडा रस्सा केला तर चालेल का?"

पाच मिनिटांत उत्तर! "कोल्हापूर? माझी आई लहानपणी तिथंच होती! डिपॉझिट नको. मी एअरपोर्टवर घ्यायला येते. आईनं जेवायला बोलावलंय. प्लीज व्हिडिओ कॉल करा!"

"बघ!" मी ओरडलोच. "गळ टाकला!"

"अहो, असेल की खरं."

"काय खरं? कोल्हापुरात पोलंडची पोरगी? अगं, पुण्याची सून आमच्या कोल्हापुरात रुळायला चार वर्षं लागली!"

तुम्हीच सांगा, डिपॉझिट नको म्हणणारा घरमालक कॅनडात कधी बघितलाय? एअरपोर्टवर घ्यायला येणार म्हणजे किडनॅपिंग. जेवायला बोलावलं म्हणजे गुंगीचं औषध. मीना म्हणाली, "तुमची किडनी कोण घेणार या वयात?" पण मी बधलो नाही.

कॉल लावला. पडद्यावर ईवाबाई, आणि शेजारी लोकरीची शाल पांघरलेल्या गोऱ्यापान आजी. आजींनी हात जोडले आणि चक्क मराठीत म्हणाल्या, "नमस्कार. जेवलास?"

मी टेबलाखालून मीनाला लाथ मारली. "एआय आहे! हल्ली मशीन असले चेहरे बनवतं."

"मशीन जेवलास का विचारतं?"

मी घसा खाकरला. "मॅडम, जरा डावीकडे बघा. आता उजवीकडे. आता नाकासमोरून हात फिरवा." असा हात फिरवला की नकली चेहरा फाटतो, असं मीच भाषणात सांगतो. आजींनी डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेल्यासारखं सगळं निमूटपणे केलं. चेहरा काही फाटला नाही.

मग तोंडी परीक्षा. "कोल्हापुरात कुठं राहायचा?"

"वळिवडे," आजी म्हणाल्या. पुढचं ईवाबाई इंग्रजीतून सांगायला लागल्या. महायुद्ध होतं, घरदार सुटलं, उपाशीतापाशी पोरं फिरत फिरत तिथं पोचली. बराकींच्या रांगा, शाळा, चर्च, हजारो पोलिश माणसं. आजींचे डोळे भरून आले होते हो. आणि मी काय म्हणालो असेन?

"मॅडम, वळिवड्याच्या शेजारी गांधीनगर आहे. माझ्या लग्नाचा बस्ता तिथंच बांधलाय. मला तिथं एकही पोलिश माणूस दिसला नाही. ही थाप दुसऱ्या कुणाला तरी मारा!"

कॉल कट. बुकिंग कॅन्सल. कोल्हापूरकराचा नाद करतात काय!

मीना उठली, नवे बूट खोक्यात घातले आणि खोकं बेसमेंटमध्ये ठेवून आली. तेव्हा मात्र प्रकरण गंभीर आहे हे मला कळलं. पण माघार घ्यायची कशी? माझी बाजू बरोबर आहे हे कुणीतरी म्हणायला हवं होतं. म्हणून कोल्हापूरला थोरल्या भावाला फोन लावला, तोही स्पीकरवर, मीनाला ऐकू जावं म्हणून.

दादानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "गाढवा, तुझा बस्ता कुठं बांधला?"

"गांधीनगरात."

"तिथंच होता की पोलिश लोकांचा कॅम्प! ते गेले, मग त्याच बराकीत सिंधी लोक आले आणि कापडाचा बाजार उभा राहिला. आपला आज्जा त्या कॅम्पात दूध घालायचा रे! अण्णा आपल्या बापाची ही गोष्ट दरवेळी जेवताना सांगायचे. तू कधी ऐकलंस काय?"

मीना माझ्याकडे बघत होती. मी फ्रिजकडे.

"मी आत्ता माफी मागतो," मी फोन उचलला.

"थांबा," मीनानं तो काढून घेतला. "तुमच्या माफीनं काम होणार नाही. ईवाबाईंचा मेसेज आलाय. आजी म्हणतात, वळिवड्याचा कॅम्प माहीत नसलेला माणूस कोल्हापूरचा असूच शकत नाही. हा कुणीतरी भामटा आहे, याला घरात घ्यायचं नाही."

भामटा! मी! फसवणुकीवर भाषण देणारा!

मीना बेसमेंटमध्ये गेली आणि दार लावून बराच वेळ फोनवर बोलत होती. वर आली ती बूट घालून.

"जमलं. बुकिंग परत मिळालं."

"कसं काय?"

"मी सांगितलं, कोल्हापूरची मी. माझे आजेसासरे कॅम्पात दूध घालायचे म्हटल्यावर आजी रडायलाच लागल्या."

"आणि मी?"

"तुम्ही पुण्याचे."

"काय?"

"म्हटलं, पुण्याचे आहेत म्हणून इतके संशयी. त्यांना लगेच पटलं. आता आठवडाभर तिथं 'लई' म्हणायचं नाही, मिशीवरून हात फिरवायचा नाही."

"आणि तो तांबड्या रश्श्याचा मेसेज?"

"तो माझा होता, असं सांगितलंय. तुम्हाला तिखट झेपत नाही."

तेवढ्यात फोन वाजला. ईवाबाईंचाच मेसेज, खास माझ्यासाठी. "आई तुमच्या स्वागताला कोल्हापुरी रस्सा करणार आहे. काळजी करू नका, तुमच्या वाटीत ती साखर घालेल. किती घालू, असं विचारतेय."

मीना दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती. पायात नवे बूट.

मी गपगुमान टाइप केलं, "थँक यू. दोन चमचे."