मी घासलेले लाईट

मागच्या मंगळवारी आमच्या पिकअपचे लाईट बदलले. माझा मोतीबिंदू दोन वर्षं "बघू, बघू"मध्ये अडकलाय... गाडीचा नंबर आधी लागला. असो, गाडी कमावती आहे.

हे मी बोलतेय आणि नात सोनाली मोबाईलवर लिहितेय. अक्षराची आणि माझी ओळख नाही. तिने मधे स्वतःचं काही घुसवलं तर मला कळायचं नाही, तुम्हाला कळलं तर सांगा.

गाडी आमच्या मालकांनी, म्हणजे सोनालीच्या आजोबांनी घेतलेली. पहाटे टोमॅटो भरून संगमनेरच्या मार्केटला जायचे, येताना मिळेल ते भाडं घ्यायचे आणि दिवेलागणीला घरी. एक दिवस चुकला नाही.

मी देवापुढे दिवा लावून ओट्यावर यायचे आणि त्याच सुमाराला चिंचेच्या वळणावर दोन पिवळे लाईट दिसायचे. दिवा लागला की हात जोडायचे ही लहानपणापासूनची सवय, मग त्या लाईटलाही हात जोडले जायचे. हे उतरता उतरता विचारायचे, "माझ्या पाया पडतीस का गाडीच्या?" मी म्हणायचे, "गाडीच्या. ती येळेवर येती."

मीही सोडायचे नाही. "बाकीचे डायवर अजून चहा पीत बसले असतील, तुमालाच बायकोबिगर करमत न्हाई का?" ते नुसते हसायचे आणि चपला काढायचे.

त्यांना जाऊन चार वर्षं झाली. गाडी आता नातू चालवतो, सागर. लाईट मात्र तेच पिवळे...

त्यामुळे वळणावर ते दिसले की एक क्षण वाटायचं, आले. गाडी दारात येईपर्यंत सगळं आठवायचं, कोण गेलंय, कोण चालवतंय. पण रोजचा तेवढा एक क्षण माझा होता.

म्हणून सागर लाईट बदलायचं म्हणाला की मी काहीतरी काढायचे. आज अमावस्या आहे. पांढरे लाईट समोरच्याच्या डोळ्यात जातात. कंपनीचे ते कंपनीचे... असं करत वर्ष काढलं.

मग एका संध्याकाळी उसाची ट्रॉली रस्त्यात उभी होती. मागे ना लाईट, ना लाल पट्टी. आमच्या लाईटचा उजेड पोचेपर्यंत गाडी तिच्यापासून चार हातांवर आली होती, कसाबसा ब्रेक लागला.

घरी येऊन सागरने हे सांगितलं. तांब्याभर पाणी एका दमात प्यायला. मी म्हटलं, "उद्याच बदल. मी बी येते."

जवळच अकोले गावात सलीमभाई वायरमन आहेत, मालकांचे जुने दोस्त, त्यांना दादा म्हणायचे. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा सांगितला आणि जुने लाईट खोलून काढले. सागर म्हणाला, "काका, उन्हानं एवढे पिवळे पडले का हो?"

सलीमभाईंनी अंगठा फिरवून पाहिला. "उन्हानं बी पडत्यात. पन हे ओरखडे उन्हाचे न्हाईत. हे कुनीतरी घासलंय."

मी पदर सारखा केला.

काय आहे... दर शनिवारी मी समई घासायचे, राख आणि काथ्या घेऊन. हात भरलेलेच असायचे, म्हणून बाहेर येऊन गाडीचे लाईटही घासून घ्यायचे. काच आहे असं धरून चालले होते, ते निघालं प्लास्टिक!

कबूल केलं. सलीमभाई म्हणाले, "मला म्हाईत हाय वहिनी. दादांना बी म्हाईत हुतं."

माझा चहा तसाच राहिला.

"धा वेळा म्हनलो असंल, दादा, लाईट बदला, तुमाला रस्ता दिसत न्हाई. तर म्हनायचे, राहू दे. ती समईवानी घासती. नवे बसवले तर तिला कळंल आपलं काय चुकलं ते. त्यापरीस मी अंधाराच्या आत घरी जातो."

म्हणजे बघा... इतकी वर्षं मी गावभर मिरवलं, की म्हातारा माझ्या ओढीने लवकर घरी येतो. आणि खरं काय, तर मीच त्याला आंधळा करून ठेवला होता.

सागर बोनेटला धरून हसत सुटला. "आज्जी, तू तर आजोबांना कर्फ्यूच लावला हुतास की!" मीही हसले. हसता हसता डोळ्याला पदर लावला तर म्हणतो, मोतीबिंदूचं पाणी येतंय. म्हटलं, व्हय, त्याचंच.

नवे लाईट बसले. सलीमभाईंनी समोरच्या भिंतीवर उजेड पाडून तो खालीवर केला, समोरच्याच्या डोळ्यात जाऊ नये म्हणून. माझं एक कारण तिथेच संपलं.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला ओट्यावर उभी राहिले. वळणावर पांढरा फेक उजेड आला, अंगणातल्या कोंबड्यासुद्धा सकाळ समजून ओरडल्या. मला लगेच कळलं, हा सागर आहे. मधे एक क्षणही गेला नाही.

तरी हात जोडले. आणि तेव्हा ध्यानात आलं... चार वर्षं हे पोर रोज सुखरूप घरी येत होतं आणि माझे हात दुसऱ्याच कुणासाठी जोडले जात होते. त्या दिवशी ते पहिल्यांदा त्याच्यासाठी जोडले.

जुने लाईट भंगारात जाऊ दिले नाहीत. एक कोनाड्यात ठेवलाय, समईशेजारी. शनिवारी समई राखेने घासते आणि त्याच्यावरून नुसता पदर फिरवते... जेवढं अंधुक आहे, तेवढं राहू दे.