विहिरीतला लाल थर

यारीच्या डोलात बसून मी विहिरीत अर्ध्यावर लोंबकळत होतो. यारी म्हणजे खणलेला दगड डोलात, म्हणजे मोठ्या बादलीत, भरून वर ओढणारी क्रेन. माझ्या वजनानं ती अशी कण्हली, की अख्ख्या मोडनिंब गावानं ऐकलं. आडवे बोर कुठं मारायचे ते सांगायला मला, म्हणजे जिऑलॉजिस्टला, बोलावलं होतं. समोर कातळात गेरूसारखा थर, त्यावरून पाणी पाझरतंय. हातोडी लावली, तर शिऱ्यात चमचा रुतावा तशी रुतली.

आमच्या सोलापूरचा खडक म्हणजे थिजलेला लाव्हा. कडक भाकऱ्यांची चवड समजा. एकेक भाकरी म्हणजे लाव्ह्याचा एक फ्लो. मध्येच कुठं शेंगाचटणीसारखी लाल माती, तिला आम्ही रेड बोल म्हणतो. पाणी तिच्यावर अडतं, म्हणून ती दिसली की सगळे खूश. पण भिजली की तिचा साबण होतो आणि वरची भाकरी घसरते. इथं तर काठावर दगडांचा डोंगर रचलेला.

वर येऊन मालक विलासआबांना सांगितलं, ढीग हलवेपर्यंत कुणी उतरायचं नाही. पण पाणी लागलं की खाली जाऊन पूजा करायची आणि पहिला कलश हातानं भरून आणायचा, ही त्यांची रीत. घरची मंडळी नटून उभी. मी सांगितलं, परवा जुळे सोलापुरात एका विहिरीनं प्रवाशांसकट रिक्षा गिळली. कुणी हललं नाही. मग म्हटलं, खाली नाग आहे. आबांची आई म्हणाली, मग दूध बी घ्या.

शेवटी खणणाऱ्यांचा मुकादम मारुती पुढं झाला. "घरच्यांनी थांबा. कलश मी आणतो."

मी त्याचा दंड धरला. "मारुती, ती कड सुटलीय."

तो हसला. "सायेब, तुमाला पेललं तिनं. मला न्हाय पेलणार व्हय?"

हात सोडवून तो दोरशिडीवरून उतरला. त्यानं कलश बुडवला, वर बघितलं, आणि काठ यारीसकट आत गेला. यारीवाला बाहेर उडी मारून वाचला. आवाज फार मोठा झाला नाही. हे मी वाढवून सांगत नाही.

मारुतीला काढायला दुसरी यारी आणावी लागली.

विहिरीला पाणी भरपूर आहे. आता कुठल्याही विहिरीवर गेलो, की मी आधी शिडी वर ओढून घेतो. जिऑलॉजी मग सांगतो.