फुगलेली बॅटरी

म्हसावदजवळच्या एका शाळेत मी संगणक कक्ष सांभाळते. एका दुपारी मुलं टायपिंग करत असताना सडक्या अंड्यासारखा वास आला. इन्व्हर्टरची बॅटरी टम्म फुगली होती. अशा वेळी काय करायचं, हे आम्हाला कुणी शिकवलंच नव्हतं. घाबरून मी तिचा फोटो जिल्ह्यातल्या संगणक शिक्षकांच्या ग्रुपवर टाकला. लगेच धानोऱ्याच्या सरांचा फोन आला. आम्ही कधी भेटलोही नव्हतो.

"ताई, पोरेस्ले पहिले बाहेर काढा! बटनले हात नका लावू!"

मी सगळ्यांना मैदानात नेलं. पाठोपाठ आत धमाका झाला. पोरं किंचाळली.

"सगळा बाहेर शेतस ना?" सर फोनवर विचारत होते. मी पुन्हा पुन्हा पोरं मोजली, मगच "हो" म्हणाले.