वानखेडे आणि दमलेला पिचर

टीम हरत गेली की किस्से साठत जातात. अमेरिकेत, मॉरिसव्हिलमधल्या आमच्या ऑफिसात त्या उन्हाळ्यात इतके साठले, की जेवणाच्या सुट्टीत दुसरा विषयच निघेना. सगळ्यांचं मूळ एकच: आमचा नागपूरचा वानखेडे. आमच्या भागातल्या बेसबॉल टीमचा डाव मैदानाबाहेर बसून चालवणाऱ्या ज्या मॅनेजरला पेपरवाले जादूगार म्हणायचे, त्याच्यावर हा दात धरून होता.

"जिंकले की याचं डोकं, हरले की पोट्ट्यांचे हात," डबा उघडतानाच तो सुरू व्हायचा. "पिचर तिकडे मरून राहिला अन् हा बसून सूर्यफुलाच्या बिया चघळून राहिला!"

*

एकदा मी म्हटलं, "यार, पिचर म्हणजे शेवटी बॉलरच. क्रिकेटमध्येही कॅप्टन दमलेल्या बॉलरला ओव्हर देतोच की."

"देते ना. पण तो स्वतः उन्हात उभा असते. सावलीत बसलेल्याले दुसऱ्याचा खांदा काय समजते?"



*

पंचाईत अशी, की आमचा बॉस बॉब त्या मॅनेजरचा भक्त. आणि वानखेडेच्या ग्रीन कार्डच्या कागदांवर सही बॉबचीच हवी होती. व्हिसा संपायला दोन महिने उरलेले. वानखेडे सहा वर्षं बॉबच्या हाताखाली होता, शनिवार-रविवारीही प्रोजेक्ट ओढत होता. सहीचं विचारलं, की बॉब हसून म्हणायचा, "बघू, घाई काय आहे?"

वानखेडेच्या बायकोने, सुनंदावहिनींनी, त्याला मुलीची शपथ घातली: बॉबसमोर मॅनेजरबद्दल अवाक्षर काढायचं नाही. मुलगी म्हणाली, "बाबा, इट्स जस्ट अ गेम." वानखेडे दोन दिवस तिच्याशी बोलला नाही.

*

मग बॉबने आम्हा सगळ्यांना मॅचला नेलं आणि वानखेडेला शेजारी बसवलं. मी मागच्या रांगेत होतो.

शेवटच्या टप्प्यात आमची टीम एका रनने पुढे होती. पिचरचा हात खाली यायला लागला होता, आणि पिचर बदलायला मॅनेजर जागचा हलत नव्हता. वानखेडेने खुर्चीचा हात घट्ट धरला होता.

"तू आज गप्प?" बॉब त्याच्याकडे न बघता म्हणाला. "जेवताना तर तुझ्या तोंडून मॅनेजरचं नाव माझ्या केबिनपर्यंत ऐकू येतं."

मी डोळे मिटून घेतले.

"बॉब," वानखेडे शांतपणे म्हणाला, "तो पोरगा दमलाय. तुझ्या मॅनेजरला ते दिसत नाही, कारण तो त्याच्याकडे बघतच नाही."

पुढचा बॉल फटक्यासरशी कुंपणापार गेला आणि समोरच्यांचे दोन रन झाले. आम्ही हरलो. लोक उठून जायला लागले, पण बॉब बसूनच होता. त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"आणि तू?" त्याने विचारलं. "तू कधीपासून दमलायस?"

वानखेडे म्हणाला, "सहा वर्षं झाली."