अप्पांचा नवा माल

आमच्या वहिनी रोज सकाळी घडी घातलेल्या बारा चादरी माजघरात नेऊन विस्कटत आणि पुन्हा अप्पांपुढे आणून टाकत. "अप्पा, नवा माल आलाय की!" नवी पेठेतल्या चादरींच्या दुकानात हयात घालवलेले माझे वडील लगेच सावरून बसत आणि काठाला काठ जुळवू लागत. दुपारी पुन्हा तोच माल, पुन्हा तोच आनंद.

सत्तरच्या दशकात त्या विस्मरणाला सोलापुरात एकच नाव होते : म्हातारचळ. डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या लिहून हात झटकले. माळशिरसचे आप्त येत, "मला वळखलं का, अप्पा?" अशी परीक्षा घेत, ते चुकले की खिदळत आणि पोटभर जेवून जात. थोरल्या बंधूंनी अप्पांच्या खोलीत जाणेच सोडले होते. आणि मी, घरातला एकुलता एक बी.ए., त्या घड्यांना 'वेड्यांचा कारखाना' म्हणत असे.

वहिनी अक्कलकोटकडच्या, चौथी शिकलेल्या. "भावजी, तुमी लई शिकलाव," त्या म्हणत. "पर माणसाच्या हाताला काम लागतंय, हे कळायला कालेज कशाला?" आज घरोघरी असे वृद्ध आहेत, आणि तज्ज्ञ व्यासपीठावरून नेमके हेच सांगतात. मी मागच्या रांगेत खाली मान घालून ऐकतो.

माझ्या सोयरिकीसाठी बार्शीची मंडळी घर पाहायला आली, त्या दिवशी मी चादरी कपाटात कुलूपबंद केल्या आणि अप्पांना मागच्या खोलीत बसवले. पोह्यांच्या बशा फिरत असताना ते दारात उभे राहिले. अंगात नुसती बंडी. नेसूच्या धोतराची सुरेख घडी करून ती पाहुण्यांपुढे धरलेली. "रंगाची हमी माझी."

पाहुणे हसले. मी घडी हिसकावली आणि त्यांच्या हातावर फटका मारला. वडिलांच्या.

"उठा की जरा," वहिनी पाहुण्यांना म्हणाल्या. त्यांच्या खालची चादर ओढून त्यांनी अप्पांना गुंडाळली. "घडी झ्याक झाली, अप्पा." माझ्याकडे त्यांनी पाहिलेसुद्धा नाही.

सोयरीक मोडली. त्याचे दुःख मी महिनाभर केले. फटक्याचे केले नाही. असला मी.

दुसऱ्या सकाळी वहिनींनी माल आणला. मुलगा म्हणून अप्पा मला केव्हाच विसरले होते. त्यांचा हात चादरीपर्यंत गेला, तेवढ्यात दारात मी दिसलो, आणि त्यांनी हात पाठीमागे लपवला.

पुढे दीड वर्ष, ते जाईपर्यंत, वहिनी रोज तो माल आणत राहिल्या. अप्पांनी एकाही चादरीला हात लावला नाही. सगळे विसरलेल्या त्या माणसाने माझे तेवढे एक लक्षात ठेवले होते.