खिडकीची बारा अंडी

तिचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. पाचला ती प्रयोगशाळेतल्या उबवणीच्या खोलीत हजर. मी तिथं बॉयलर सांभाळायचो. तिला उशीर झालेला मी कधी पाहिला नाही. सगळे तिला घड्याळबाई म्हणत.

काम सांगायला सोपं, उबणारी अंडी उलटत राहायची. अंड्याच्या एका बाजूला पेन्सिलीची फुली, दुसऱ्या बाजूला गोल. फुली वर असेल तर गोल वर करायचा. चारशे अंडी, दिवसातून पाच वेळा, ओणवं उभं राहून. मात्र संशोधन करणाऱ्या ताईंनी कवचाला खिडकी पाडून चिकटपट्टी लावली, की ते अंडं हलवायचं नाही. आत पिल्लाच्या पाठीवर मोहरीहून बारीक मणी असे, वाढीच्या द्रव्यात भिजवलेला. त्यातून कातडीला निरोप जायचा, इथं पीस उगवू दे.

घरी तिची तेरा वर्षांची मुलगी. जन्मापासून घाम नाही, केस विरळ, तोंडात चारच दात. उन्हाळ्यात अंग तापलं की उतरायचं नाही. एका पहाटे घड्याळबाई तापलेल्या पोरीच्या अंगावर ओलं फडकं टाकून आली होती.

खिडकीची अंडी खालच्या फळीवर असत. त्या दिवशी जागा नव्हती म्हणून ताईंनी ती वर ठेवून लाल चिठ्ठी लावली होती. हिचं मन घरी, हात सवयीने चाललेले. बाराव्या अंड्याच्या पट्टीखालून द्रव झिरपून अंगठा ओला झाला. चिठ्ठी तिने तेव्हा पाहिली.

तिने बाराही अंडी हलक्या हाताने सरळ केली आणि बॉयलरपाशी आली.

"भाऊ, सांगू का ताईंना?"

"गप्प बस. कोणी पाहिलंय? अंडी मरतातच."

"कामावरून काढतील. पोरीच्या दातांसाठी साठवतेय मी."

"म्हणूनच म्हणतो, गप्प बस."

तिने अंगठा पदराला पुसला. मग म्हणाली, "पण मग मेली ती मण्यातल्या औषधानं मेली, असं ताईंच्या वहीत लिहिलं जाईल. ते खोटंच पुढे जाईल."

नऊला ताई आल्या. हिने दारातच सांगितलं. ताईंनी वहीत वेळ लिहिली, अंड्यांचा आकडा लिहिला. "साहेबांशी मी बोलते," एवढंच म्हणाल्या.

तीन दिवस घड्याळबाई ऑफिसचं दार वाजलं की दचकायची. डबा उघडायची आणि तसाच झाकायची.

चौथ्या दिवशी ताईंनी अंडी उघडली. सात मेलेली, पाच जिवंत. मण्याभोवती पिसांचे कोंब दाटीने उठलेले.

"केस, दात, घाम, सगळ्याची सुरुवात अशाच निरोपांनी होते, मावशी."

"म्हणजे माझ्या पोरीला निरोप पोचला नाही?"

"पोचला नसेल. किंवा कातडीला तो कळला नसेल."

"आता देता येईल?"

"ती वेळ पोटातच सरली."

तिने मान हलवली आणि वरच्या फळीकडे वळली. फिरवायची अंडी राहिली होती. साहेबांनी तिला कामावर ठेवलं. पण त्यानंतर ती प्रत्येक अंड्यावर आधी बोट फिरवून पाहायची, पट्टी नाही ना. त्यात तासभर जास्त जायचा, म्हणून ती साडेतीनला उठू लागली. उन्हाळ्याची धास्ती मात्र कशानेच गेली नाही.

सहा वर्षांनी मुलीला दात बसवले, वरचे आणि खालचे. पोरीने पहिल्यांदा पावाची करपलेली कड चावली. घड्याळबाई म्हणाली, "हळू. नवे आहेत."