एका वाक्याची वंशावळ

माझ्या थोरल्या जाऊबाई शाळेच्या ग्रंथपाल आणि मी त्याच शाळेत गणित शिकवते, त्यामुळे त्यांचा जाच मी घरीदारी दोन्हीकडे सोसला आहे. माझा नवरा जेवताना "सगळे म्हणतात" असं म्हणाला रे म्हणाला, की त्यांनी विचारलंच, सगळे म्हणजे कोण, आणि त्यांना कोणी सांगितलं? आता तो जाऊबाई घरात नाहीत ना हे बघून मगच तोंड उघडतो.

नववीला प्राचीन संस्कृतींवर प्रकल्प असतो. मुलं ग्रंथालयातल्या संगणकावर समोर येईल ती वेबसाइट उघडतात आणि उतरवून काढतात. जाऊबाई त्यांच्या हातात एक मोठा कागद ठेवतात. खाली आपलं वाक्य लिहायचं. त्याच्या वर त्याचा बाप, म्हणजे ज्याच्याकडून ते घेतलं तो. मग त्या बापाचा बाप. असं चढत जायचं, जमीन स्वतः खणणारा किंवा शिलालेख स्वतः वाचणारा माणूस भेटेपर्यंत. पुष्कळ वाक्यं वाटेतच पोरकी निघतात. मुलं जाऊबाईंना वंशावळबाई म्हणतात आणि त्यांना ते नाव मनापासून आवडतं.

यंदा हा कागद खऱ्या अर्थाने भरला तो किल्लीने. तिच्या वडिलांची शाळेच्या फाटकासमोर कुलपं दुरुस्त करायची टपरी आहे, म्हणून वर्गात ती किल्ली. टपरीसमोरच्या भिंतीवर शाळेने ठळक अक्षरांत रंगवलंय, 'प्राचीन नगरांत घरांना कुलपे नव्हती, कारण तेथे चोर नव्हते.' वडील थट्टेने म्हणायचे, माझ्या पोटावर पाय आणणारे हे लोक कोण ते एकदा शोधून काढ बाई. पोरीने ते मनावर घेतलं.

हे वाक्य तिला दहा वेबसाइटींवर सापडलं. दहाही जणांनी ते एकाच मासिकातून उचललं होतं. मासिकाने ते घेतलं होतं आमच्याच शाळेच्या जुन्या स्मरणिकेतून, आणि स्मरणिकेत होतं संस्थेच्या अध्यक्षांचं भाषण. "मला आपलं वाटतं, तेव्हा कुलपं नसतील," असं ते बोलले होते. उचलली जीभ, लावली टाळ्याला. पुढे कुणीतरी "वाटतं" गाळलं आणि भिंतीला रंग लागला. किल्ली तिथेही थांबली नाही. जाऊबाईंनी तिला उत्खननाचा अहवाल मिळवून दिला. त्यात लिहिलं होतं की दारांचं लाकूड कधीच कुजून गेलंय, कड्या-कुलपांबद्दल काहीच सांगता येत नाही. न सापडणं वेगळं आणि नसणं वेगळं, एवढं त्या मुलीने कागदाच्या तळाशी स्वतःच्या शब्दांत लिहिलं.

हा प्रकल्प आंतरशालेय स्पर्धेला जाईल याची आम्हाला खात्री होती. किल्लीचं आजवर कशातच नाव पुढे गेलेलं नव्हतं. तिने स्पर्धेत बोलायचं भाषण टपरीवर उभं राहून गिऱ्हाइकांनासुद्धा ऐकवलं होतं.

मुख्याध्यापकांनी जाऊबाईंना बोलावलं तेव्हा मी गुणांची यादी घेऊन तिथेच बसले होते. नियमात किमान दहा संदर्भ हवेत आणि हिचा तर एकच निघतो, असं त्यांचं म्हणणं. शिवाय तो एक म्हणजे अध्यक्ष, आणि बक्षीस समारंभाला पाहुणेही तेच. वंशावळ काढून टाका, दहा नावं एकाखाली एक लिहा, मार्गदर्शक म्हणून सही करा, की मुलगी स्पर्धेला गेलीच म्हणून समजा.

"दहा जण सांगताहेत, अजून काय हवंय तुम्हाला?" ते म्हणाले.

"दहा जण नाहीत सर," जाऊबाई म्हणाल्या. "एकच माणूस दहादा बोलतोय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माणसं शिकतात, खुर्चीत बसतात आणि तिथून मुलांना मोजणी शिकवतात! खरं-खोटं गेलं खड्ड्यात, आकडा भरला की झालं.

किल्ली दाराबाहेर उभी होती. जाऊबाईंनी तिच्यापासून काही लपवलं नाही. मी सही करणार नाही, पण दुसऱ्या बाई करतील, तुला जायचं असेल तर जा, मी रागावणार नाही, असं त्यांनी सांगितलं.

"मग हा कागद?" तिने विचारलं.

"तो इथेच राहील. कपाटात."

"मग नको," ती म्हणाली, आणि वर्गात निघून गेली.

स्पर्धेला दुसरा मुलगा गेला. विषय तोच, भिंतीवरचा. संदर्भ दहा, एकाखाली एक. त्याला पहिलं बक्षीस मिळालं. त्या पोराचा काय दोष? त्याला जे मागितलं ते त्याने दिलं. पण किल्लीचं जे झालं, चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, आणि ती देणारे आम्ही शिक्षक.

बक्षीस समारंभात अध्यक्षांनी प्रकल्प चाळला आणि माइक हातात घेतला. पूर्वी एकदा आपल्या मनात सहज एक विचार आला होता, ते म्हणाले, आणि आज दहा अभ्यासकांनी तो सिद्ध केलेला पाहून धन्य झालो. सभागृह टाळ्यांनी दणाणलं. मुख्याध्यापक सगळ्यांत जोरात वाजवत होते.

जाऊबाईंच्या शेजारी बसलेल्या किल्लीने हळूच विचारलं, "बाई, हे भाषण स्मरणिकेत छापणार?"

"छापतात दरवर्षी."

"म्हणजे अकरा झाले," किल्ली म्हणाली.